वरची जागा

कोट मागून उभा कापावा लागला. लग्नातला कोट होता, तेव्हापासून पोट सुटलेलं आणि आता अंगही ताठलेलं. तिनं मानेपासून खालपर्यंत कात्री चालवली आणि कोटाचे दोन भाग नवऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक करून चढवले. कपडे शिवूनच ती घराला हातभार लावायची, त्यामुळे हात सराईत होता. पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, म्हणून बटणं लावायला सासू पुढे सरकली.

काल सकाळी कारखान्यात, मशीनपाशी उभा असतानाच तो कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"झोपल्यासारखा दिसतोय," सासू म्हणाली.

सुनेनं कोटाच्या कापलेल्या कडा त्याच्या पाठीखाली खोचल्या. झोपेत तो खरंच असा दिसायचा. घराला तेवढाच निवांतपणा मिळायचा.

हात काही छातीवर राहीनात. दाबून एकावर एक ठेवले की पुन्हा ताठपणे बाजूला सरकत. तिनं पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली आणि मनगटं एकत्र बांधली. एक गाठ मारली, वर आणखी एक.

"इतकं घट्ट नको गं. वळ उठतील."

"आता नाही उठायचे."

सासूची बोटं बटणावर थांबली.

तेवढ्यात पाळक आले. म्हातारे होते, दोघांचं लग्न त्यांनीच लावलं होतं. खुर्ची ओढून ते सुनेजवळ बसले.

"रड, मुली. पण धीर सोडू नकोस. हा मेलेला नाही, झोपलाय. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील आणि हा उठेल. याच देहानं उठेल. तुमची पुन्हा गाठ पडेल."

"याच हातांनी?"

पाळकांना प्रश्न कळला नसावा. "देह हाच, पण नवा झालेला. त्यात दुखणं नाही, व्यंग नाही." बोलता बोलता त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली आणि तिथून खिडकीकडे वळली.

"व्यंग माझं जाईल. त्याचं काय जाईल?"

"माणूस आतूनही नवा होतो," पाळक हळू आवाजात म्हणाले. "असा आपला विश्वास आहे."

"माझाही आहे. म्हणूनच विचारते. तो उठणार नाही असं वाटत असतं, तर काल मला झोप लागली असती."

पाळकांनी हातातल्या टोपीची कड चाचपली आणि ते कामाचं बोलायला लागले. "कबर खोल खणायला सांगितलीय. दोघांपुरती. खाली हा राहील. वरची जागा तुझ्यासाठी राखून ठेवू."

"मला नको."

"अगं, नवरा-बायकोची अशीच…"

"कुंपणाबाहेर पुरा मला. पण त्याच्या वर नको, खाली नको, शेजारी तर नकोच."

पाळकांनी आधारासाठी सासूकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी समजावा हिला."

सासूनं मान वर केली नाही. "वरची जागा माझ्यासाठी ठेवा," ती म्हणाली.

"तुमची जागा तर तुमच्या मालकांशेजारी आहे. तुम्हीच हट्टानं ठेवायला लावलीत."

"ती हिला द्या. ते शांत होते. त्यांच्या शेजारी हिला झोप लागेल."

पाळक गाडी आली का बघतो म्हणत उठले आणि बाहेर गेले.

खोलीत तिघंच उरली. सासूनं शेवटचं बटण लावलं, कॉलर सारखी केली, आणि हात तसाच मुलाच्या गळ्याशी राहू दिला.

"मी जागी असायचे," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे. दर वेळी. तू आई, आई म्हणून हाका मारायचीस. मला वाटायचं, थांबेल आता. थांबेल आता. उठले नाही."

"माहीत आहे. मला मारायला लागला की तुमचं घोरणं बंद व्हायचं."

बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. जिन्यात माणसांचे पाय वाजले.

सासू मुलाच्या बांधलेल्या हातांकडे बघत होती. "त्या दिवशी वर यायचं तर त्याला माझ्यावरूनच यावं लागेल," ती म्हणाली. "मी आधी उठेन."

सुनेनं दार पूर्ण उघडलं आणि पेटी घेऊन आलेल्यांना आत यायची खूण केली.

"तेव्हा तरी उठा, आई," ती म्हणाली.