सहा आकडे

बियाणे कंपनीच्या बिलोली शाखेतले कॉम्प्युटर लातूरच्या सर्व्हरला जोडायचे, तर रोज सकाळी हेडक्लार्क गुलाम रसूलभाईंच्या मोबाईलवर येणारा सहा आकडी कोड लागे. सुरक्षेसाठी म्हणे. रसूलभाई वारले, पण अर्जामागून अर्ज करूनही लातूरवाले नंबर बदलेनात. मग शाखेतली क्लार्क देविका रोज दहाला त्याच नंबरवर फोन लावायची आणि त्यांच्या पत्नी, शहजादीभाभी, चष्मा शोधून एकेक आकडा वाचून दाखवायच्या.

तीन महिन्यांनी लातूरवाल्यांनी एकदाचा नंबर बदलला आणि आज कोड देविकाच्या मोबाईलवर आला. चला, भाभींचा त्रास वाचला, म्हणत ती कामाला लागली, तोच भाभींचा फोन.

"देविका, आज कोड आला न्हाई. मी कवाची चष्मा लावून बसून राहिले. यांचा मोबाईल बिघडला का गं?"

चालू स्क्रीनकडे बघत देविका कशीबशी म्हणाली, "न्हाई वो भाभी, आमचंच मशीन बंद हाय."