टोपलीसह अकरा रुपये

“भाडं दहाचं बारा होणार आहे. मान्य की अमान्य?” शलाकाने बसमधल्या सगुणाबाईंना विचारले. परिवहन कार्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या शलाकाकडे प्रवाशांची मते नोंदवण्याचे काम होते आणि छापील अर्जावर चौकटी दोनच होत्या.

“असं एकदम कोण मान्य करतं, पोरी?” भाजी विकण्यात उभा जन्म गेलेल्या सगुणाबाई पायाशी ठेवलेली टोपली सावरत म्हणाल्या. “अकरा घ्या. आणि टोपलीचं वेगळं तिकीट बंद करा. त्या तिकिटापायी आठवड्यातले तीन दिवस ही डोक्यावर घेऊन चालत जाते मी.”

“मावशी, ही बस आहे, मंडई नव्हे,” कंडक्टर हसला.

“मग विचारायला कशाला आलात? भाव सांगितला की घासाघीस होणारच!”

मागच्या बाकांवरच्या भाजीवाल्यांनी जोरात दुजोरा दिला. अर्ज बाद ठरेल, साहेब रागावतील, हे शलाकाला ठाऊक होते. तरीही तिने दोन्ही चौकटी कोऱ्या सोडल्या, अर्जाच्या पाठीमागे सगुणाबाईंचा शब्द न् शब्द लिहिला आणि खाली सगळ्याजणींचे अंगठे घेतले.

महिन्याभराने बसमध्ये नवा फलक लागला. सगुणाबाईंच्या आग्रहावरून शलाकाने तो मोठ्याने वाचला : भाडे अकरा रुपये, भाजीच्या टोपलीस तिकीट नाही. बसभर टाळ्या वाजल्या.

सगुणाबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. “पहिल्याच बोलीला कबूल झाले? अगं, मग साडेदहा म्हणायला हवं होतं मी!”