बारा डावे पाय

“डावा,” फादर ओबिन्ना म्हणाले.

ते गुडघे टेकून बसले होते. कमरेला टॉवेल, हातात पाण्याचा जग, पुढ्यात घंगाळ. वेदीसमोर बारा खुर्च्यांवर बारा गावकरी बसले होते आणि बाराही जणांनी उजवा पाय पुढे केला होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी किलब्रॅकच्या चर्चमध्ये बारा जणांचा एकेक पाय धुतात. तो उजवा. फादर टायर्नींनी एकतीस वर्षं उजवाच धुतला आणि मगच ते निवृत्त झाले.

मेणबत्त्या आणि वेदीवरची वस्त्रं सांभाळणाऱ्या गॅव्हिनबाई खांबाआडून कुजबुजल्या. त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाते. “फादर! आमच्यात उजवा असतो!”

“उजवे तुम्ही घरूनच धुऊन आणता, बाई. परवा तुम्हीच मला कौतुकानं सांगितलंत. साबण, पावडर, नखं कापून, नवा मोजा. मग माझ्यासाठी राहिलं काय?”

धुवायला न्यायचा पाय मळका न्यायचा नसतो, हे गावात तान्ह्या मुलालाही माहीत होतं. पण डाव्या पायाकडे एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. डावे पाय आपापल्या बुटात, आपापल्या नशिबानं राहत होते.

पोस्टातल्या बाईंच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. खाटकाच्या पायाला गोठ्याची माती होती. गायकवृंदातून खोकल्यासारखा एक आवाज आला. तो खोकला नव्हता.

पाचव्या खुर्चीवर बसलेल्या फिन्टन हेनेगनला घाम फुटला. सहाव्या खुर्चीवर त्याचा थोरला भाऊ मालाकी होता. दोघे अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. खुर्च्या आडनावांप्रमाणे लावल्या जात, म्हणून शेजारी. नाहीतर त्यांनी चर्चच्या दोन टोकांना दोन दारं पाडून घेतली असती.

आई गेली आणि वाटणी झाली. जमीन अर्धी-अर्धी. गाई तीन-तीन. चूल मालाकीला, कुत्रा फिन्टनला. मालाकीनं ती लोखंडी चूल उचलली आणि रस्त्यापलीकडे वेगळं घर बांधलं. शेवटी आईच्या टोपलीत तिनं विणलेला मोज्यांचा शेवटचा जोड निघाला. स्वस्तात मिळालेली लोकर. कावीळ झाल्यासारखा पिवळा रंग. तो दोघांनाही हवा होता. मावशी वैतागून म्हणाली, “घ्या एकेक, आणि बसा लंगडत!” त्यांनी खरंच एकेक घेतला. त्याच आठवड्यात फिन्टननं पबमध्ये जाहीर केलं की त्यानं आपला चुलीत घातला. मालाकीनं दुसऱ्या कोपऱ्यातून भिंतीला सांगितलं की त्यानं आपला कुत्र्याला अंथरायला दिला. ते ऐकून फिन्टननं अर्धा ग्लास तसाच टाकला आणि घरी गेला. तेव्हापासून अबोला.

आणि तो पिवळा मोजा या क्षणी फिन्टनच्या डाव्या बुटात होता. दर रविवारी असायचा. आतला पाय कोण बघतं? आता सगळे बघणार होते, आणि सगळ्यांच्या आधी मालाकी. भावानं आईची वस्तू कुत्र्याला घातली आणि हा वेडा ती अकरा वर्षं जपतोय! त्यापेक्षा पाय कापलेला परवडला असता.

“फादर, मला उजवाच द्यायचाय,” तो पुटपुटला. “सवय आहे त्याला.”

“म्हणूनच डावा,” फादर म्हणाले.

फिन्टननं डोळे मिटले आणि बूट काढला. गायकवृंदातला खोकला थांबला. गावातल्या प्रत्येकानं तो पिवळा ओळखला. तसा रंग पुन्हा कुणी विकत घेतला नव्हता. मोजा उतरला आणि गार पाणी पायावरून गेलं. फिन्टन शेजारून येणाऱ्या हसण्याची वाट बघत राहिला.

ते आलंच नाही. त्यानं डोळे उघडले. मालाकी खाली वाकून डाव्या बुटाच्या नाडीशी झटत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“गाठ बसलीये, फादर. तुम्ही पुढे व्हा.”

“मला घाई नाही,” फादर म्हणाले. “ईस्टर रविवारी आहे.”

गाठ नव्हतीच. बूट निघाला. आत पिवळा मोजा होता. टाचेला तीनदा रफू केलेला, निळ्या लोकरीनं, पुरुषाच्या जाड टाक्यांनी.

फादर ओबिन्नांना आपला टॉवेल अचानक सापडेना. तो त्यांच्या कमरेलाच होता. पण ते पाठ वळवून बराच वेळ वेदीच्या बाजूला शोधत राहिले.

फिन्टन त्या निळ्या टाचेकडे पाहत होता. अकरा वर्षांनी भावाशी बोलायला त्याचा आवाज निघाला, तो गंजल्यासारखा. “निळी का लावलीस?”

“पिवळी मिळेना. पार गॉलवे शहरापर्यंत जाऊन आलो.”

“माझ्याकडे आहे उरलेली लोकर. आईच्या शिवणाच्या डब्यात होती. उद्या ये. चहा कोराच मिळेल, गुड फ्रायडेचा उपास आहे.”

“येईन.” मालाकीनं पाय घंगाळावर धरला. मग मान न वळवता म्हणाला, “चुलीत घातला होतास ना रे?”

“कुत्र्याला दिला होतास ना?”

“कुत्रा तर तू नेलास.”

फिन्टननं ओल्या पायावर आपला पिवळा मोजा चढवला. “आणि चूल तू,” तो म्हणाला.