हसरं अस्वल

टॅबलेटवर लॅपटॉपचं सगळं काम होतं, हे तिनं त्या दुपारी जवळजवळ मान्यच करून टाकलं होतं.

बाळ खांद्यावर झोपलेलं. डाव्या हातानं त्याची पाठ थोपटत, उजव्या हाताच्या एका बोटानं तिनं पुस्तकाचं पान मोठं केलं, चित्र उचललं, जरासं वर सरकवलं. मजकूर आपसूक खाली उतरला. लॅपटॉपवर याच कामाला दोन्ही हात लागायचे, मांडी अडकायची, आणि जरा तापला की त्याचा पंखा असा घुरघुरायचा की बाळ दचकून उठायचं. बिजागरी तर कधीचीच मोडलेली. मागे उशी लावली तरच स्क्रीन उभी राहायची. आत्ताही तो तसाच, उशीला टेकून, पलंगाच्या कडेला बसला होता. म्हाताऱ्या पाहुण्यासारखा.

"जमतंय की गं तुला," पलंगाच्या दुसऱ्या टोकाला दुपट्यांच्या घड्या घालत सासूबाई म्हणाल्या. "आमची पाटी अश्शीच होती. फक्त ती आपली आपण पुसायची."

ती हसली. बाळ झाल्यानंतरचं हे पहिलंच काम. संध्याकाळच्या आत पानं गेली नाहीत, तर छापखाना पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देणार होता. तसं त्यांनी गोड शब्दांत कळवलंही होतं.

टॅबलेट नवऱ्यानं हौसेनं आणला होता. "तू काही बघू नकोस, आधीच तुझी झोप होत नाही," म्हणत सगळं त्यानंच लावून दिलं. लॅपटॉपचा जुना डबा न्यायला दुरुस्तीवाल्यालाही त्यानंच बोलावलं. दोघं बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसले होते. एवढी पानं पाठवते, मग न्या, असं ती सांगून आली होती.

शेवटचं पान उरलं. तिनं बोट टेकवलं आणि स्क्रीन पांढरी झाली.

मधोमध एक हसरं अस्वल आलं. त्याच्या पोटावर लिहिलं होतं, 'आजची वेळ संपली. आणखी हवी असेल तर पालकांना विचारा.'

"अगंबाई, हे बाळाचं काहीतरी चालू झालं वाटतं," ती म्हणाली. बाळाला तर अजून धड बसताही येत नव्हतं.

कोपऱ्यात एक छोटा गोल फोटो होता. तिनं तो दाबला. फोटो तिचाच होता. झोपेतला, केस सुटलेले, तोंड किंचित उघडं. कधी काढला, तिला माहीत नव्हतं. खाली तिचं नाव. नावापुढे लिहिलं होतं, 'मूल'.

सासूबाई चष्मा लावून वाकल्या.

"हा माझ्याकडे पण येतो."

"कोण?"

"हा अस्वल्या. बहिणीला फोन लावायला मोबाइल घेतला की रोज दुपारी हा हजर. तुझ्या नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, आई, बॅटरी म्हातारी झालीय तुझी." त्या घडी घालायच्या थांबल्या. "मी म्हटलं, असेल बाई."

मग तिनं 'विचारा' दाबलं.

भिंतीपलीकडे फोन किणकिणला.

"आला बघा बाईसाहेबांचा अर्ज!" नवऱ्याचा आवाज आला. "करायचा का मंजूर?"

"करा साहेब, घरात राहायचंय तुम्हाला," दुरुस्तीवाला म्हणाला आणि दोघं खो खो हसले.

अस्वलानं टाळ्या वाजवल्या. पालकांनी पंधरा मिनिटं दिली होती. तिनं लावलेली पानं परत दिसू लागली, जागच्या जागी, सुंदर.

तिनं त्यांना हात लावला नाही. बाळाला हलकेच सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, लॅपटॉप ओढला, सुरू केला. टॅबलेटवरची पानं तिकडे उतरायला लागली. एकेक करून, सावकाश.

"अगं, झालं का?" पावलं दाराकडे येत होती.

ती लॅपटॉपवर झुकली. आणखी थोडीच राहिली होती. तेवढ्यात सासूबाईंनी हात लांब करून समोरचा दुपट्यांचा ढीग त्यावर लोटला. उघड्या स्क्रीनसकट सगळंच झाकलं गेलं.

नवरा दारात आला. बाळ झोपलेलं पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"कुठाय तो डबा? ते थांबलेत बिचारे."

"अरे, माझ्या नावापुढे मूल का लिहिलंय?" तिनं विचारलं. हसत विचारायचं ठरवलं होतं, पण हसू आलं नाही.

"त्यानं सगळं सुरक्षित राहतं गं. तुझ्या काळजीपोटीच केलंय ना?" तो प्रेमानं म्हणाला. "लॅपटॉप कुठाय?"

"सकाळपासून मला तर दिसला नाही बाबा," सासूबाई म्हणाल्या.

तो खोलीभर बघत राहिला. कपाट, खिडकी, पाळणा, पालथी पडलेली उशी.

दुपट्यांच्या आत लॅपटॉप तापत होता. आधी बारीक, मग जरा मोठी अशी घुरघुर सुरू झाली.

सासूबाईंनी मांडी हलवायला सुरुवात केली आणि अंगाई धरली. चांगली खणखणीत. बाळ केव्हाचं गाढ झोपलेलं होतं.

नवरा दारातच थांबला. मान जराशी तिरकी करून, चेहऱ्यावरचं हसू न मोडता, तो ऐकत होता.