खिडकीचा निकाल

केशवरावांनी दोन बोटांनी ओढला आणि खिडकीचा गज हातात आला.

"पाहा मामाजी," गोवर्धन म्हणाला. "मी खोटं बोलून राहिलो का?"

अमरावतीच्या या घरात गोवर्धन आणि त्याची बायको वच्छला, दोघेच राहत. त्याचा संत्र्याचा धंदा होता. मागची खोली त्याने दिवाळीनंतर पाडून नव्याने बांधून घेतली. काम कुर्बान मिस्त्रीचे. ते खराब निघाले म्हणून गोवर्धनने सासऱ्यालाच अकोल्याहून बोलावले.

केशवराव सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. पेन्शन घेतल्यापासून लोक त्यांना घराच्या तंट्यांत नेत. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते निकाल देत नसत. त्यांनी एखाद्याला वाईट म्हटले की त्या मिस्त्रीला पुढे कोणी दारात उभे करत नसे. कुर्बानला हे ठाऊक होते. तो भिंतीला टेकून उभा होता आणि थापी या हातातून त्या हातात घेत होता.

वच्छला दाराआड पदर घेऊन उभी होती. तिला अजून मूल झाले नव्हते. तोवर लेकीच्या घरचे पाणी प्यायचे नाही, म्हणून केशवरावांनी बडनेऱ्याच्या स्टेशनवर आपला फिरकीचा तांब्या भरून आणला होता. संध्याकाळच्या गाडीने ते परत जाणार होते. लेकीशी अजून बोलणे झाले नव्हते.

त्यांनी खिशातला चाकू काढून गजाचे भोक खरवडले. दगडात गज बसवला की वरून शिसे ओततात. इथे शिसे नव्हते. मेण होते. शिशासारखे दिसावे म्हणून त्यात काजळी कालवली होती.

केशवरावांना जरा नवल वाटले. चोर मिस्त्री भोकात चिखल कोंबतो. मेण वितळवून काजळी कालवण्याची मेहनत कोण घेतो? पण लबाडी ती लबाडी.

ते बाहेरच्या बोळात गेले. खिडकीखाली गुडघाभर उंचीवर एक वीट अर्धी बाहेर आली होती. तिच्यावरचा गिलावा घासून गेला होता.

"ही काहून बाहेर राहिली रे? ओळंबा घरी इसरला होता का?"

"राहून गेली साहेब."

गोवर्धन हसला.

दार मात्र पक्के होते. बाहेरून जाड लोखंडी कडी होती. केशवरावांनी ती दोनदा लावून पाहिली. "हे पाह्य. हे काम कसं चोख केलं!"

"ते मी सोता उभा राहून करून घेतलं," गोवर्धन म्हणाला. "माल ठेवायची खोली हाये."

खोलीत माल नव्हता. एक वाकळ अंथरलेली होती आणि उशाशी पाण्याचे मडके होते. केशवराव वाकळ ओलांडून पुन्हा खिडकीपाशी गेले.

"बोल कुर्बान. तुझी बाजू सांग."

कुर्बानने दाराकडे पाहिले. मग गोवर्धनकडे पाहिले.

"माझी बाजू नाई साहेब. चूक झाली."

"बाबा, राहू द्या ना," वच्छला एकदम म्हणाली. "मले त्या खिडकीचा काई तरास नाई."

"तू मधात बोलू नको. तुले बांधकामातलं काय समजते?"

काम आपल्यासमोर, आजच दुरुस्त करायचे, असा त्यांनी निकाल दिला. शिसे वच्छलाच्याच चुलीवर वितळले. फुंकणीने ती जाळ करत होती. कुर्बानने एकेका गजाच्या बुडाशी शिसे ओतले. मग बोळात जाऊन छिन्नीने ती वीट भिंतीबरोबर तोडली. त्याने मान वर केली नाही. गार झाल्यावर केशवरावांनी एकेक गज दोन्ही हातांनी ओढला. एकही हलला नाही.

"आता कशी पक्की झाली!" गोवर्धन म्हणाला. वच्छला बापाच्या पाया पडली. तिला उठायला वेळ लागला. केशवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टांगा बोलावला.

बोळाच्या तोंडाशी कुर्बान उभा होता. त्याने घोड्याचा लगाम धरला.

"साहेब, मले या गावात आता काम भेटनार नाई. ते जाऊ द्या. तुमी बाप हाये म्हनून सांगतो. ती खोली मालाची नाई. तो बाईले मारते अन् तिथं कोंडते. काम चालू होतं तवा तिनं माह्यासमोर हात जोडले. म्हनून मी गजात मेन भरलं. वीट पाय ठेवाले होती. जास्त झालं का ती बोळातून निघून जाये, तो झोपला का परत ये. आता ती कुठून जाईन?"

टांगेवाला मागे वळून पाहत होता. केशवरावांनी तांब्याची फिरकी उघडली, दोन घोट पाणी घेतले आणि फिरकी पुन्हा घट्ट बसवली.

"हे मले नवं नाई," ते म्हणाले. "दिवाळीत घरी आली तवा तिनं हेच सांगतलं होतं."

कुर्बानच्या हातातून लगाम सुटला.

"मग तुमी काय केलं साहेब?"

"मी एका बाजूचं ऐकत नसतो. जवाईबापूले इचारलं," केशवराव म्हणाले आणि त्यांनी टांगेवाल्याला निघण्याची खूण केली. "ते नाई म्हनले."