शून्य टक्के

सूतगिरणी बंद पडली त्या दिवशी मुकादमाने रेणुकाच्या कमरेचे पट्टे सोडले आणि गिरणीच्या मालकीचे यंत्रपाय काढून घेतले. दोन वर्षं ती त्यांच्याच जोरावर उभी राहून, गिरणीभर हिंडून सूत तपासत होती. थोरल्या भावाने तिला पाठीवर घेऊन रोजगार केंद्रात आणलं. नोकरी लागली तेव्हा तिने आपली चाकाची खुर्ची इथेच परत केली होती.

तिला ती नोकरी मिळवून देणाऱ्या तांबोळी मॅडम संगणकाच्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"रेणुका, तुझं अपंगत्व शून्य टक्के दाखवतंय गं. खुर्ची नाही मिळायची."

"मॅडम, तुम्ही मला लहानपणापासून बघताय!"

"माझ्या बघण्याला कोण विचारतं? हा संगणक नुसती पावलं मोजतो, यंत्रपायांची असली तरी. वर्षात तू नऊ लाख पावलं चाललीस." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याने तुला कामही दिलंय. उद्या आठला, गोदामात पोती उचलायची. गेली नाहीस तर नाव कायमचं कटेल."

रेणुकाने फरशीवर पसरलेले पाय दोन्ही हातांनी जवळ ओढले.

"दादा, उद्या सातलाच निघू," ती म्हणाली. "मला त्या पोत्यांपाशी नेऊन ठेव."