वाऱ्याचा कौल

दर सप्टेंबरला आमचा तंबू वरच्या कड्याखाली पडतो, ओढ्यापासून चार तासांच्या चढावर. यंदा ओढ्यापर्यंत येतानाच माझा गुडघा बोंबलायला लागला. पण तीस वर्षं ज्याच्यासोबत धनुष्यबाण घेऊन एल्क हरणांमागे हिंडलो, त्या लाइलला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ओढ्याशी तोच थांबला. पावडर उडवून वारा बघायची बाटली काढून त्यानं दोनदा दाबली, डोळे बारीक करून हवेत पाहिलं.

"वर गेलो तर आपला सगळा वास कळपाकडे जाणार. यंदा तळ इथंच."

"तीस वर्षं नाही गेला तो?" मी आपलं उगाच कुरकुरलो.

"तेव्हा तू अंघोळ करायचास, ऑरिन."

मी पाठीवरचं ओझं खाली टाकलं आणि जिवात जीव आला. दगडावर टेकताना लाइलच्याही तोंडून हुश्श निघालं.

त्या बाटलीत पावडर भरून आणायचं काम दरवर्षी माझं असतं. यंदा मी ती भरायलाच विसरलो होतो.